मॅडम, सीडी अडकतेय!

"मॅडम, आमचा अंतरपाट पडतच नाहीये हो!"

फोनवरची मुलगी रडकुंडीला आली होती. तिच्या मागून एक बाई मोठ्या आवाजात सांगत होत्या, "त्यांना म्हणावं, भटजींचं तोंड उघडंच राहिलंय!"

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर फोन ठेवून दिला असता. मला मात्र पहिल्या वाक्यातच दुखणं कळलं. लग्नाची सीडी. मंगलाष्टकं संपत आली, सगळ्यांचे हात अक्षता टाकायला वर गेले, नवरा-नवरीने हार सावरले, आणि चित्र तिथेच गोठलं.

पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या अलीकडे, माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ नोकरीला लागले. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि मला कढईतल्या फोडणीपेक्षा सोल्डरचा वास जास्त आवडायचा, त्यामुळे दुकानात मी बसले. रेडिओ गेले, टीव्ही आले, मग घरोघर कॉम्प्युटर आले. वडिलांच्या जुन्या पाटीवर 'रेडिओ' खाली मी 'संगणक' रंगवून घेतलं. पुढची कितीतरी वर्षं मी काय केलं असं कुणी विचारलं, तर त्याचं खरं उत्तर एका ओळीत देता येतं: लोकांच्या अडकलेल्या सीड्या सोडवल्या.

आजच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांना वाटतं, अडकली तर दुसरीकडून बघायची. पण तेव्हा दुसरीकडे काही नसायचं. घरात एक कॉम्प्युटर, तोही पुढच्या खोलीत, त्यावर विणलेलं कव्हर. संध्याकाळी शेजारपाजारचे सतरंजीवर बसणार, यजमान कव्हर काढून नीट घडी घालणार, आणि मग सीडी लागणार. ती मध्येच थांबली की सगळी खोली यजमानांकडे बघायची. त्या नजरेची लाज मी फोनवर रोज ऐकत होते.

सीडी का अडकते, ते सांगते. तिच्या पोटात एकच रेघ असते. मधून निघते आणि गोल गोल फिरत काठापर्यंत जाते, शेणाने सारवताना हात फिरतो तशी. विकतच्या सीडीत ती रेघ कारखान्यातच ठशाने उमटवलेली असते. घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात कॉपी केलेल्या सीडीत ती रंगाच्या पातळ थरावर लेसरच्या किरणाने भाजलेली असते. आता भाकरी मंद आचेवर निवांत भाजली तर वेगळी, आणि पाहुणे ताटावर बसलेत म्हणून मोठ्या आचेवर उरकली तर वेगळी. आमच्या गावातले सीडी कॉपी करून देणारे सगळेच दुसऱ्या जातीचे. वेग जास्तीत जास्त, सीडी स्वस्तातली स्वस्त. वरून डागलेली आणि आतून कच्ची.

अशी सीडी वाचताना कॉम्प्युटर एखाद्या जागी अडखळतो. अडखळला की पुढे जात नाही, परत मागून वाचतो. पाढे म्हणणारं पोर 'तेरा सत्ते'ला अडतं आणि 'तेरा सक अठ्ठ्याहत्तर' पुन्हा पुन्हा म्हणत राहतं, तसं. बघणाऱ्याला वाटतं की यंत्र बंद पडलं. ते बंद नसतं. ते बिचारं जीव तोडून आठवत असतं.

तर तो अंतरपाट. इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले. मुलगी नवी नवरी, नाव स्मिता. भटजींची काळजी करणाऱ्या त्या तिच्या सासूबाई. मी सीडी बाहेर काढली आणि लगेच दिसलं. फोटोग्राफरने तिच्यावर सोनेरी गणपतीचा जाड स्टिकर चिकटवला होता, तोही थोडा तिरपा. सीडी भरधाव फिरायला लागली की एका बाजूच्या वजनाने डुलायची. मधल्या भागात ते निभायचं, बाहेरच्या भागात गेलं की किरणाची वाट चुकायची. अंतरपाट नेमका बाहेरच्या भागात होता.

मी म्हटलं, "हा स्टिकर तिरपा बसलाय, त्याचा त्रास आहे."

"काढायचा नाही हं," सासूबाई म्हणाल्या. "गणपती आहे तो."

काढणार मीही नव्हतेच. स्टिकर ओढला की त्याच्याबरोबर सीडीचा चकचकीत थरही निघून येतो आणि मग अंतरपाटच काय, साखरपुडाही उरत नाही. मी ड्राइव्हचा वेग कमी करणारा एक लहानसा प्रोग्राम टाकला. सीडी बैलगाडीच्या चालीने फिरायला लागली. भटजींनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि अंतरपाट पडला. सासूबाई उठल्या, देवघराकडे गेल्या, आणि मला काही कळायच्या आत त्यांनी कॉम्प्युटरवर मूठभर अक्षता टाकल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचा परत फोन आला. कीबोर्डची काही बटणं दाबली जात नव्हती. कीबोर्ड उलटा करून झटकला तेव्हा त्यातून काय पडलं ते सांगायला नको.

दिंडोरीचे भाऊसाहेब मात्र खऱ्याखुऱ्या अडचणीत होते. द्राक्षबागाईतदार माणूस. द्राक्षाच्या छाटणीवर कुठल्याशा जाणकाराने दिलेल्या प्रात्यक्षिकाची सीडी त्यांच्या गटातून फिरत फिरत, कॉपीची कॉपी होत त्यांच्यापर्यंत आली होती. एका काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राखायचे आणि कात्री नेमकी कुठे लावायची, हे त्यात दाखवलं होतं. म्हणजे दाखवणार होते.

"मॅडम, छाटणी आली तोंडावर," भाऊसाहेब फोनवर म्हणाले. "सीडीतला मानूस काडी हातात धरतो, कात्री उघडतो, अन् तिथंच गप! कुठं कापायचं त्ये सांगतच नाय. आमी सगळे त्येच्या तोंडाकडं बघत बसलोय. लय वाईट वाटतं ओ. तुमी या."

एसटीने गेले. ते स्टँडवर जीप घेऊन उभे होते. घरी गेल्यावर पाहिलं, कॉम्प्युटर ठेवला होता औषधांच्या खोलीत. भिंतीला लावून पोती, फवारणीचे पंप, आणि सगळ्यावर पिवळसर धूळ. मी ड्राइव्ह खोलला. आतलं मुगाएवढं भिंग पिवळं झालं होतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवला तर बोळा हळदीचा झाला.

भाऊसाहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. द्राक्षाच्या पानांवर पिठासारखा रोग येतो, त्याला भुरी म्हणतात. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, ह्येला बी भुरी लागली व्हती का काय?"

"भुरी नाही, भाऊसाहेब," मी म्हटलं. "भुरीचं औषध लागलंय. हे गंधक आहे."

ते असे हसले की बाहेरची माणसं आत आली. मग त्याच खोलीत, पोत्यांवर बसून, सगळ्यांनी ती सीडी पाहिली. काडी धरलेल्या माणसाने कात्री मिटली. काडी तुटून खाली पडली. एक म्हातारे बागाईतदार फक्त म्हणाले, "आपन एक डोळा जास्तीच ठिवीत व्हतो." आणि सगळे उठून बागेकडे गेले. मी तिथे एकटीच ड्राइव्हचे स्क्रू लावत बसले. कामाचं याहून मोठं कौतुक मला कधी मिळालेलं नाही.

पण सगळ्याच सीड्या सुटत नसत. पुष्कळदा मी सीडी खिडकीकडे धरायची आणि तिच्यातून उजेडाचा बारीक ठिपका आरपार यायचा. लोकांना वाटतं, खालच्या बाजूचे ओरखडे वाईट. ते बहुतेक वेळा पुसता येतात. खरा धोका वरच्या बाजूला, जिथे नाव लिहितात तिथे. तिथला थर कागदाहून पातळ. तो उडाला की त्याच्याखालचं सगळं गेलं, कायमचं. अशा वेळी समोरच्याला कसं सांगायचं, हे कुठल्याही डिप्लोमात शिकवत नाहीत. मी आधी पाणी द्यायची, मग सांगायची.

वैशाली पगारेने आणलेली सीडी तशीच होती.

नाशिकरोडच्या एका वसाहतीत राहणारी, शाळेत शिक्षिका असलेली ही तिशीतली मुलगी एका दुपारी दुकानात आली. पर्समधून रुमालात गुंडाळलेली सीडी काढून तिने काउंटरवर ठेवली. "मॅडम, यात माझ्या बाबांचं गाणं आहे. ते गायला सुरुवात करतात आणि पहिल्याच कडव्यात अडकतं. पुढे जातच नाही."

"दुसरी कॉपी?"

"ज्याच्या ज्याच्याकडे होती, त्या सगळ्यांना विचारलं. कुणाची हरवली, कुणाची तुटली. शूटिंग करणाऱ्याने मूळ कॅसेट पुसून पुढे लग्नांना वापरली. आता एवढीच."

"बाबांना परत गायला सांगून रेकॉर्ड करा की. मी करून देते."

तिने काउंटरवरच्या रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "बाबांचं घशाचं ऑपरेशन झालं, मॅडम. स्वरयंत्र काढावं लागलं."

मी उठून तिला पाणी दिलं. सीडीकडे मी अजून नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिचे वडील, ज्यांना अख्खी वसाहत 'दादा' म्हणायची, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. दिवसा मशिनी आणि संध्याकाळी गायन पार्टी. गाणी स्वतःच रचायचे, चाल स्वतःच लावायचे, ढोलकीही स्वतःच वाजवायचे. भीमजयंतीला त्यांचं गाणं झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नसे. ऑपरेशननंतर त्यांनी ढोलकी वसाहतीतल्या तरुणांना देऊन टाकली होती. माणसांत बसणं सोडलं होतं. आता जयंती जवळ आली होती, तरुणांनी मोठा पडदा आणि प्रोजेक्टर ठरवला होता, आणि दादांचं जुनं गाणं पडद्यावर दाखवायचं त्यांच्या मनात होतं.

ती गेल्यावर मी सीडी खिडकीकडे धरली. वरच्या बाजूला बॉलपेनने, अक्षर न् अक्षर दाबून, लिहिलं होतं: 'बाबांचं गाणं'. मास्तरणीचं वळणदार अक्षर. 'गाणं' या शब्दातल्या कान्यातून मला बाहेरच्या रस्त्याचा उजेड दिसत होता.

पुढे वैशालीने मला विचारलं होतं, कशामुळे झालं असेल हो हे? मी म्हटलं, "स्वस्तातली सीडी होती. होतं असं." ते खोटं नव्हतं. स्वस्तातल्या सीडीचा थर पातळच असतो.

ती सीडी मी दुकानातल्या प्रत्येक ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. नवे ड्राइव्ह चपळ आणि उतावळे, दोन-चारदा प्रयत्न करून हात वर करायचे. माझ्याकडे एक जुना, जाडजूड ड्राइव्ह होता. ग्राहक भंगारात द्यायला निघाले होते म्हणून मी ठेवून घेतलेला. तो संथ होता पण चिवट. त्यात सीडी घातली आणि तुकडा तुकडा वाचणारा प्रोग्राम सुरू केला. हा प्रोग्राम वाचता येईल ते उचलतो, न येईल ती जागा कोरी सोडून पुढे जातो, मग उलटीकडून परत येऊन कोऱ्या जागेचे काठ कुरतडतो. मी इतर कामं करत होते आणि कान त्या ड्राइव्हकडे लागलेले होते. तो कण्हायचा, थांबायचा, टक् टक् करायचा, पुन्हा कण्हायचा. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला तो गप्प झाला. जेवढं मिळणार होतं तेवढं मिळालं होतं.

लावून पाहिलं. एक उंच, सावळा माणूस, पांढरा सदरा, गळ्यात ढोलकी. तो खाकरतो, माइककडे झुकतो आणि गायला लागतो:

*माय माझी खडी फोडी, मी अक्षरं जोडी*

आवाज गोड नव्हता. रुंद होता. उघड्यावर गाऊन गाऊन तयार झालेला. दुसरी ओळ सुरू झाली आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज गेला. कॉम्प्युटर आता अडकत नव्हता, पुढे सरकत होता, पण मुका. मग अचानक ओळीचा शेवटचा शब्द आला, 'सोडी', आणि तिथून पुढे गाणं अखेरपर्यंत स्वच्छ. ती ओळ गाण्यात पुन्हा कुठे आली असती तर मी तिथून कापून इथे जोडली असती. सगळं गाणं कान देऊन ऐकलं. ती ओळ परत येत नव्हती.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ते गाणं नव्या सीडीवर घेऊन नाशिकरोडला गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवरच ते लावून द्यायचं होतं, कारण कार्यक्रमाला तोच नेणार होते. आणि तोही आजारलेला होता. अडकणारी सीडी माणसं पुन्हा पुन्हा लावून बघतात, तेव्हा कॉम्प्युटर घाबरतो आणि ड्राइव्हशी अगदी सावकाश बोलायची सवय लावून घेतो. मग चांगली सीडी घातली तरी अडखळतो. ती सवय मोडून मी त्याला पुन्हा धावता केला.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गळ्याला पांढरा रुमाल. मी नमस्कार केला, त्यांनी हात जोडले. वैशाली म्हणाली, "बाबा, मॅडमनी गाणं आणलंय." त्यांनी तळहात हलवला. नको.

त्यांच्या बायको, सुमनबाई, स्वयंपाकघराच्या दारातून मला हळूच म्हणाल्या, "नका लावू, ताई. ऑपरेशन झाल्यापासून रेडिओसुद्धा लावू देत नाय ते. गाणं म्हटलं का उठून जात्यात."

"आई, उद्या सगळी वसाहत बघणार आहे," वैशाली म्हणाली. "तेव्हा बाबा कुठे उठून जातील? आधी घरात बघू दे त्यांना."

मी दोघींच्या मध्ये, हात माउसवर. आपण यंत्रं दुरुस्त करणारी माणसं. घरातल्या माणसांचं काय करायचं ते आपल्याला सांगता येत नाही. मी वैशालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी गाणं लावलं.

दादा उठले. भिंतीला धरत दाराशी गेले आणि चप्पल पायात सरकवायला लागले. स्पीकरमधून ढोलकी घुमली, मग ते खाकरणं आलं, मग तो आवाज: *माय माझी खडी फोडी...*

एक चप्पल पायात होती. दुसरी घालायला उचललेला पाय त्यांनी तसाच खाली टेकवला. पाठ आमच्याकडेच होती, पण ते गेले नाहीत.

*...मी अक्षरं जोडी.*

आणि चौकोन आले. आवाज गेला. मला ठाऊक होतं की येणार. मी पुढे सरकवायला हात हलवला, तेवढ्यात टक् टक् असा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, ड्राइव्हच. मग पाहिलं. दादांची बोटं दाराच्या चौकटीवर ठेका धरत होती. गाणं मुकं झालं होतं, ठेका चालू होता.

आणि स्वयंपाकघराच्या दारातून सुमनबाई म्हणाल्या, म्हणजे गायल्या:

*उन्हात बसे आपण माय, सावली मला...*

आवाज कापरा होता, बारीक होता, जरा खालच्या पट्टीतला. पण ठेक्यात चोख. 'मला' म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि स्पीकरमधून दादांचा तो रुंद आवाज आला: *सोडी!* एका धाग्यात दुसरा ओवावा तसा.

वैशाली भिंतीला टेकली होती. तिने तोंडावर हात धरला होता. "आई, तुला येतं हे?"

"न यायला काय झालं?" सुमनबाई म्हणाल्या. आपण काय केलं ते लक्षात येऊन त्या लाजल्या होत्या. "माझ्यासमोर बसून ओळी जुळवायचे. भाकरी थापता थापता मी ऐकायची. जमली नाय का खोडायचे, पुन्हा म्हणायचे. पाठ होणार नाय तर काय?"

दादा वळले. चप्पल काढली. येऊन कॉम्प्युटरसमोर बसले आणि माझ्याकडे बघून बोट गोल फिरवलं. पुन्हा. मी पुन्हा लावलं. चौकोन आले तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. मान वळवून बायकोकडे पाहिलं आणि हात पुढे केला, गायन पार्टीत कोरसला खूण करतात तसा. त्या पुन्हा गायल्या.

मला एक कल्पना सुचली. धंद्यातली होती, आणि मला ती फार चांगली वाटली. मी म्हटलं, "माझ्याकडे माइक आहे. बाईंचा आवाज रेकॉर्ड करते आणि त्या जागेत जोडून देते. चित्राच्या जागी एखादा फोटो टाकू. उद्या पडद्यावर काही कळणारसुद्धा नाही."

वैशालीला पटलं. दादांना नाही. त्यांनी दोन्ही हात हलवले. मग पडद्यावर मी मागे घेऊन थांबवलेल्या चौकोनांवर त्यांनी बोट ठेवलं, आणि तेच बोट सुमनबाईंकडे केलं. ओठ हलले. मला कळलं नाही.

वैशालीने सांगितलं, "राहू द्या म्हणतात. तेवढी जागा आईची."

"या बया!" सुमनबाई म्हणाल्या. "मी नाय हां येणार उद्या स्टेजवर. सांगून ठिवते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या यजमानांना घेऊन गेले. वसाहतीतल्या मैदानावर निळ्या पताका, समोर पांढरा पडदा, सतरंज्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. भेटणारा प्रत्येक जण 'जयभीम' म्हणत होता आणि खुर्ची देत होता. कॉम्प्युटर एका टेबलावर मांडला होता, त्यापाशी मी. सुमनबाई शब्दाला जागल्या. स्टेजवर गेल्या नाहीत. माझ्या टेबलाशेजारी, अंधारात, खुर्ची घेऊन बसल्या. वैशालीने त्यांच्या मांडीवर माइक ठेवला होता आणि त्या त्याच्याकडे विंचू असल्यासारखं बघत होत्या. त्यांच्या पलीकडे दादा. त्यांनी तरुणांकडून त्यांची ढोलकी मागून घेतली होती.

गाणं सुरू झालं. पडद्यावर तरुण दादा, खुर्चीत आताचे दादा, दोघांच्या गळ्यात ढोलकी. मागून शिट्ट्या आल्या. पहिली ओळ झाली. मग पडदाभर चौकोन पसरले आणि स्पीकर गप्प झाले.

प्रोजेक्टर सांभाळणारे दोघे तरुण माझ्याकडे धावले. "मॅडम, अडकलं! मॅडम, सीडी अडकली!"

आयुष्यभर हे वाक्य ऐकून मी उठून उभी राहिले होते. या वेळी बसूनच म्हटलं, "काही झालेलं नाही. थांबा जरा."

दादांच्या ढोलकीचा ठेका चालूच होता. सुमनबाईंनी माइक उचलला, पदर पुढे ओढून चेहरा झाकला, आणि ओळ म्हटली. मैदान असं शांत झालं की माइकला लागलेल्या बांगड्यांचा आवाजही ऐकू आला. मग 'सोडी' हा शब्द घेऊन दादांचा आवाज पडद्यातून आला आणि बसलेली सगळी माणसं एकदम काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि कानांना दडे बसल्यासारखे झाले होते.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. पुन्हा, पुन्हा, असा ओरडा सुरू झाला. वैशाली आईच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसून हसत होती आणि रडत होती. दादा ढोलकीची दोरी ताणून बसवत होते. मान खाली होती, पण त्यांना घाई झालेली दिसत होती.

सुमनबाईंनी पदर मागे केला. घाम पुसला, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वाकून म्हणाल्या,

"ताई, जरा मागं घ्या ते. मघाशी मी लय खाली लावला आवाज. आता वर म्हणते."